पिवळा बाण, नऊ इंच बाय तीन

पाणीसाहेबांनी बावन्नाव्या वर्षी डोंगरात चालवायची सायकल घेतली, ती लेकीला घरात ठेवण्यासाठी. एरवी त्यांना डोंगराचं प्रेम नव्हतं आणि सायकलचं तर मुळीच नव्हतं. ते पाणीपुरवठा खात्यात उपअभियंता होते. नळाला पाणी आलं नाही की लोक त्यांच्या दाराशी येत आणि पाणी आलं की कोणी येत नसे. त्यावरून सगळी गल्ली त्यांना पाणीसाहेब म्हणायची. त्यात थोडा टोमणा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाणीसाहेबांना मात्र त्यातलं फक्त 'साहेब' ऐकू यायचं.

लेक बावीस वर्षांची, दगडमातीचं शास्त्र शिकलेली. तिला दूरच्या डोंगराळ मुलखात नोकरी मिळाली होती. रानोमाळ हिंडायचं, दगडांचे नमुने पिशवीत भरायचे आणि कुठला दगड कुठे सापडला ते नकाशावर टिपायचं, असं ते काम. पाणीसाहेबांची दगडांबद्दल तक्रार नव्हती. तक्रार अशी होती, की पोरीला रस्ते कळत नाहीत. पुरावाही होता. नऊ वर्षांची असताना ती वाचनालयात जायला निघाली आणि अग्निशामक दलाच्या आवारात सापडली. ही हकीकत पाणीसाहेबांनी पुढची तेरा वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला, कोणी विचारलं नसताना, सांगितली. लेकीचं म्हणणं, ती हरवली नव्हती, तिला बंब बघायचा होता. पण ते म्हणणं कोणी टिपून घेतलं नाही.

त्याच सुमाराला शहराबाहेरच्या डोंगरात साठ किलोमीटरची सायकल शर्यत जाहीर झाली. आठ तासांत पुरी करायची, वाटेत तीन चौक्या, गळ्यात कार्ड, दर चौकीवर एक शिक्का. जेवताना पाणीसाहेब वर्तमानपत्र बघत म्हणाले, ही शर्यत तू रस्ता न चुकता, वेळेत, तिन्ही शिक्क्यांसकट पुरी करून दाखव, मग खुशाल जा दगड वेचायला.

"लिहून द्या," लेक म्हणाली.

ज्या माणसाने सव्वीस वर्षं लिहिल्याशिवाय काही खरं मानलं नाही, त्याला ही मागणी नाकारता येईना. त्यांनी लिहून दिलं, तारीख घातली आणि सवयीने खाली 'प्रत माहितीसाठी' असं लिहून एक प्रत बायकोला दिली. बायकोने ती वाचली, डब्यांच्या फळीवर ठेवली आणि भात वाढता वाढता म्हणाली, "अहो, ती पुरी करेल."

त्या रात्री पाणीसाहेबांना जेवण पचलं नाही. सकाळी त्यांनी जाहीर केलं, की तेही भाग घेणार. स्पर्धक म्हणून नव्हे, देखरेखीसाठी.

आता देखरेखीला सायकल लागते. सायकलच्या दुकानदाराने दाखवली तिला एकवीस गिअर होते. पाणीसाहेबांना आपल्या कॉलेजच्या सायकलची आठवण झाली. तिला गिअर एकच होता, तो म्हणजे पाय. पण त्यांना खरा धक्का बसला तो या सायकलला मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही हे बघून. दुकानदार समजावू लागला, की साहेब, या गाड्यांना मडगार्ड नसतंच. पाणीसाहेबांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. चिखलाची शर्यत आणि मडगार्ड नाही, हे म्हणजे पावसाळ्यासाठी खास छिद्रं पाडलेली छत्री विकण्यासारखं झालं, असं त्यांनी त्याला सुनावलं. शेवटी दोन मडगार्ड, एक स्टँड, एक घंटी आणि मागे कॅरियर बसवून घेतलं. दुकानदाराने सगळं मुकाट्याने बसवलं आणि गाडी बाहेर काढताना फक्त एवढं म्हणाला, की आमच्या दुकानाचं नाव कोणाला सांगू नका.

गल्लीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त डॉक्टर रोज संध्याकाळी खाली उतरून सल्ला देत. त्यांनी आयुष्यात सायकल चालवली नव्हती, त्यामुळे त्यांची मतं स्वच्छ होती. चढावर श्वास नाकाने घ्यायचा आणि उतारावर तोंडाने, असं ते सांगत. दुसऱ्या दिवशी ते उलटं सांगत. शेजारची शिवणकाम करणारी बाई अधिक व्यवहारी निघाली. तिने पाणीसाहेबांच्या विजारीला मागून दुहेरी कापड लावून दिलं आणि त्यात थोडा कापूसही भरला. सरावाच्या पहिल्या दिवशी पावसात तो कापूस भिजला. पाणीसाहेब घरी परतले तेव्हा त्यांच्या चालण्याकडे पाहून बायको तोंडाला पदर लावून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

खात्याची परवानगी हा वेगळाच चढ होता. कर्मचाऱ्याला अशा स्पर्धेत उतरायचं तर वरिष्ठांची मंजुरी लागते आणि अर्ज योग्य मार्गाने जावा लागतो. योग्य मार्ग उपअभियंत्याच्या टेबलावरून जात होता. तेव्हा पाणीसाहेबांनी अर्जदार म्हणून अर्ज दिला, उपअभियंता म्हणून तो दोन दिवस ठेवून घेतला, कारण लगेच पुढे पाठवला तर संशय येतो, आणि मग त्यावर 'अर्जदार प्रामाणिक व कष्टाळू आहे' असा शेरा मारून वर धाडला. वरून प्रश्न आला, की सदर स्पर्धेचा खात्याच्या कामाशी संबंध काय. पाणीसाहेबांनी विचार करून उत्तर लिहिलं, मार्गावर पाणी व माती एकत्र आढळतात. मंजुरी आली.

शर्यतीच्या आदल्या रात्री पाऊस जो लागला तो पहाटेपर्यंत. सकाळी सातला दोनशे माणसं एका मैदानात उभी होती आणि मैदान हळूहळू त्यांना खाली घेत होतं. वेळाधिकारी म्हणून एक निवृत्त कवायत-मास्तर होते. पांढरे कपडे, गळ्यात शिट्टी, हातात नियमांची वही. चिखलाचा एक थेंबही त्यांच्या अंगावर नव्हता, जणू चिखलालाही त्यांनी लांब उभं राहायला सांगितलं होतं. त्यांनी नियम वाचून दाखवले. मार्गावर पिवळे बाण आहेत, पिवळ्या बाणामागे जायचं, शंका आली तर पुन्हा पिवळा बाण शोधायचा. मग शिट्टी झाली.

लेक पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली. देखरेख तिथेच संपली.

पहिल्या चौकीपर्यंत पाणीसाहेब नीट गेले, म्हणजे शंभर माणसांच्या मागे गेले. शिक्का मिळाला. त्यानंतर चिकण मातीचा उतार लागला आणि मडगार्डने आपलं काम चोख सुरू केलं. चिखल अंगावर उडू न देणं हे त्याचं काम. तो सगळा त्याने आत साठवला. थोड्या वेळाने चाकं फिरायची थांबली आणि सायकल एखाद्या हट्टी जनावरासारखी जागेवर उभी राहिली. पाणीसाहेबांनी काडीने माती काढली, पुढे दहा पावलं गेले, परत काढली. असं सात वेळा झाल्यावर त्यांनी दोन्ही मडगार्डं उपटली. फेकवेनात, म्हणून कॅरियरला बांधली. मागून येणारे लोक ते बघून हसत होते, पण निदान कॅरियर कशासाठी असतं ते त्यांना कळलं असेल, असं पाणीसाहेबांच्या मनात आलं.

मग तो फाटा आला.

डावीकडच्या वाटेवर झाडाला पुठ्ठ्याचा तुकडा टांगलेला होता. रात्रीच्या पावसाने तो भिजून लोंबत होता आणि त्यावरचा पिवळा खडू ओघळून बाणाचा नुसता डाग राहिला होता. उजवीकडच्या वाटेवर दगडी खांब होता आणि त्यावर बाण होता. काय बाण होता तो. तेलरंगाचा, ठसठशीत, सरळ कडांचा, भोवती पांढरी रेघ. एवढ्या पावसात त्याचा टवकाही उडाला नव्हता. पाणीसाहेब सायकलवरून उतरले आणि त्या बाणापुढे क्षणभर उभे राहिले. आयोजकांत निदान एक तरी शिस्तीचा माणूस आहे, असं त्यांना वाटलं. पुठ्ठ्याचं काम बहुतेक पोरासोरांचं असावं.

मागे सात जण घोटाळले होते. त्यातला एक म्हणाला, की काका, मला वाटतं पुठ्ठाच खरा. पाणीसाहेबांनी त्याला विचारलं, की त्याचं शिक्षण काय झालंय. तो म्हणाला, वाणिज्य शाखा. पाणीसाहेब नुसते हसले, घंटी वाजवली आणि उजवीकडे वळले. आपल्याला नक्की माहीत आहे अशा चेहऱ्याने जाणाऱ्या माणसामागे न जाणं फार कठीण असतं. सातही जण मागोमाग निघाले.

वाट सुरेख होती. दर दोनशे पावलांवर बाण, प्रत्येक बाण तसाच देखणा. गर्दी नाही, चिखलात दुसऱ्या चाकांच्या खुणा नाहीत. आपण आघाडीवर आहोत, असा त्याचा अर्थ पाणीसाहेबांनी लावला. वाणिज्य शाखेला वेगळा अर्थ सुचत होता, पण त्याला आता कोणी विचारत नव्हतं. तासाभराने चढ संपला आणि शेवटच्या बाणाने त्यांना एका लोखंडी फाटकासमोर आणून सोडलं. फाटकावर पाटी होती. पाणीपुरवठा खातं, उपसा केंद्र क्रमांक चार, परवानगीशिवाय आत येऊ नये.

आतून पंपचालक धावत आला. चिखलाने लडबडलेल्या आठ माणसांतल्या एकाला ओळखून त्याने खाडकन हात जोडले. साहेब, तुम्ही, असं म्हणून तो पुढे जे बोलला ते पाणीसाहेबांना शेवटपर्यंत आठवत राहिलं. सहा वर्षं झाली साहेब हे बाण रंगवून, तुमच्याच सहीचं परिपत्रक होतं, नऊ इंच बाय तीन इंच, मुख्य जलवाहिनी दाखवायला. दरवर्षी आम्ही रंग देतो. पण बघायला कधी कोणी आलं नव्हतं.

ते खरं होतं. पाणीसाहेबांनी तो बाण टेबलावर बसून पट्टीने आखला होता, मंजूर केला होता आणि कधी पाहिला नव्हता.

ते काही बोलायच्या आत पंपचालकाने भेटीची वही पुढे केली. वरिष्ठ आले की नोंद झालीच पाहिजे, हाही त्यांचाच नियम. रकाने होते: तारीख, वेळ, सोबतचे कर्मचारी, भेटीचं कारण. पाणीसाहेबांनी वेळ लिहिली, बारा चाळीस. सोबतचे कर्मचारी, सात. कारणापाशी पेन थांबलं. मग त्यांनी मान ताठ करून लिहिलं, आकस्मिक तपासणी. वाणिज्य शाखेने खांद्यावरून वाचलं आणि तो दुसरीकडे बघू लागला.

सातही जण आत पंपाच्या मोटारीच्या उबेला जाऊन बसले आणि पंपचालक चहा करायला गेला. पाणीसाहेबांना कोणाच्या नजरेसमोर बसवेना, म्हणून ते व्हरांड्याच्या टोकाला गेले. खाली उतारावर, हाकेच्या अंतरावर, ताडपत्री बांधलेली जागा दिसत होती. टेबल, खुर्ची, पिवळा झेंडा. शर्यतीची दुसरी चौकी. टेबलाशी कोणी नव्हतं. आठ स्पर्धक फाट्यावरून भलतीकडे गेले असं मागून आलेल्या कोणी सांगितलं म्हणून शिक्केवाला शिक्का खिशात टाकून त्यांना शोधायला रानात गेला होता, हे त्यांना नंतर कळलं. तेव्हा मोबाइल नव्हते. माणसं मनसोक्त हरवू शकत, आणि त्यांना शोधायला गेलेलीही.

इतक्यात झाडीतून एक सायकल आली. चिखलाच्या थरातून रंग कळत नव्हता, पण उतरायची तऱ्हा त्यांनी ओळखली. लेक होती. पंक्चर काढण्यात ती सगळ्यांच्या मागे पडली होती, हेही त्यांना नंतर कळलं.

तिने ताडपत्रीखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, हाका मारल्या. थोडा वेळ खुर्चीपाशी उभी राहिली. मग पुढच्या फाट्यावर गेली. तिथला पुठ्ठाही गळून पडला होता. पाणीसाहेबांनी कठडा धरला आणि ओरडले, "डावीकडे! अगं डावीकडे!" पंपाच्या धडधडीत त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. लेक खाली बसली. तिने दोन्ही वाटांवरच्या चाकांच्या खुणा पाहिल्या, एका वाटेची माती बोटाने चिमटून पाहिली, मग बांधावर शेळ्या घेऊन उभ्या असलेल्या बाईपाशी जाऊन काहीतरी विचारलं. बाईने हात केला. लेक सायकलवर बसली आणि उजवीकडे गेली.

उजवी वाटच बरोबर होती. चहा घेऊन आलेल्या पंपचालकाने ते सांगितलं. पाणीसाहेबांनी चहा घेतला आणि त्या वाटेकडे बघत राहिले. तिने एकदाही वर पाहिलं नव्हतं.

पाणीसाहेब आणि त्यांचे सात कर्मचारी जलवाहिनीच्या कडेने उलटे चालत मैदानावर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. आठ तास तर तीनलाच संपले होते. तंबूत कोणीतरी विचारलं, की कुठे होतात. पाणीसाहेबांनी सांगितलं, की वाटेत खात्याचं केंद्र लागलं, म्हटलं तपासणी करून घ्यावी. सात जणांनी काही म्हटलं नाही. त्यांना आता घरी जायचं होतं आणि ते गेलेही. बायको टॉवेल आणि कोरडे कपडे घेऊन आली होती. तिच्या हातून टॉवेल घेताना पाणीसाहेब हळूच म्हणाले, की पोरगी दुसऱ्या चौकीवरून गेली, मी वरून पाहिलं. हे त्यांनी का सांगितलं ते त्यांनाही कळलं नाही. कोणाला तरी सांगायला हवं होतं.

तंबूत टेबलापलीकडे कवायत-मास्तर बसले होते आणि अलीकडे लेक उभी होती. ती सव्वादोनला पोचली होती, म्हणजे वेळेच्या पाऊण तास आधी. पण तिच्या कार्डावर दोनच शिक्के होते. दुसऱ्या चौकीवर कोणी नव्हतं, असं ती तिसऱ्यांदा सांगत होती. मास्तर तिसऱ्यांदा सांगत होते, की तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही, पण रस्ता चुकून दुसरीकडून आलीस तरी दोनच शिक्के दिसतील. शिक्केवाला आला की विचारू म्हणावं, तर त्याचाच पत्ता नव्हता. नियम अकराप्रमाणे प्रत्यक्ष पाहणाऱ्याने साक्ष दिली तर चालतं. कोणी आहे का? तंबूतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मास्तरांनी वहीत 'अपूर्ण' लिहायला पेन उघडलं.

पाणीसाहेब टॉवेलने मान पुसत राहिले. मान केव्हाच कोरडी झाली होती. काही करायचं नव्हतं, काही बोलायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं, नियम आपोआप आपलं काम करणार होते, आणि लेक घरी राहणार होती. वाचनालयाची हकीकत जुनी झालीच होती, आता नवी मिळाली असती.

"अहो," बायको म्हणाली.

सव्वीस वर्षांच्या संसारात या शब्दाचे चौदा तरी अर्थ त्यांना ओळखता येत. हा त्यांतला नव्हता.

पाणीसाहेब टेबलाशी गेले. "मी पाहिलं," ते म्हणाले. "बारा चाळीसच्या सुमाराला. चौकी रिकामी होती. ती थांबली आणि बरोबर वाटेने गेली."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. तुम्ही तर मार्गावरच नव्हता, मग तिथे कुठून पाहिलंत, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तंबूत पन्नासेक माणसं होती. पाणीसाहेबांनी सगळं सांगितलं. पुठ्ठा सांगितला, खांब सांगितला, बाण कोणाचा, परिपत्रक कोणाचं, सही कोणाची. तपासणी नव्हती, रस्ता चुकलो होतो, सात माणसं घेऊन चुकलो होतो. चौकी रिकामी पडली तीही बहुतेक आम्हाला शोधायला माणूस गेला म्हणून. मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा तंबू हसला. लेक हसली नाही. ती बाबांकडे बघत होती.

मास्तरही हसले नाहीत. त्यांनी वही उलटली आणि विचारलं, की स्पर्धक तुमची कोण.

"मुलगी."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. नियम अकरा, उपनियम दोन. नातेवाइकाची साक्ष धरता येत नाही. बाप मुलीच्या बाजूनेच बोलणार, त्यात बापाचा दोष नाही, पण नियम आहे.

पाणीसाहेबांनी आयुष्यभर याच आवाजात लोकांना परत पाठवलं होतं. पलीकडच्या बाजूने तो आवाज कसा लागतो ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले, टेबलावर चिखल लागला, मास्तरांनी वही मागे ओढली.

"मास्तर, ही शर्यत पुरी झाली असं तुम्ही लिहिलंत तर ही घर सोडून जाणार आहे," ते म्हणाले. "लांब. एकटी. मी तसं लिहून दिलंय. ती जाऊ नये म्हणून मी या वयात, या सायकलवर, इथवर आलो. तुम्ही अपूर्ण लिहिलंत तर मला हवं ते मला मिळतंय. आता सांगा, मी कोणाच्या बाजूने बोलतोय."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, की माझ्याकडे त्या कागदाची प्रत आहे, घरी डब्यांच्या फळीवर, हवी तर आणून देते.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उपनियम दोन त्यांनी पुन्हा एकदा मनात वाचला असावा, ओठ हलताना दिसले. मग त्यांनी पेटीतून आपला शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि दुसऱ्या चौकीच्या रिकाम्या चौकोनात उमटवला.

लेकीने कार्ड उचललं. ती ते घडी घालून खिशात ठेवू लागली.

"घडी नको घालू," पाणीसाहेब म्हणाले. "शाई ओली आहे. जरा हवेवर धर."